विश्लेषण : समुद्रावरचा वारा मोजल्याशिवाय वर्ध्यातील पावसाचा अंदाज का बांधता येत नाही?

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि अवघ्या दोन दिवसांत, २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील आगमनाची ही आजवरची सर्वांत लवकरची नोंद. त्याआधीच राज्यात अनेक ठिकाणी अवकाळी पाऊस पडून गेला होता, जमिनीत ओल होती आणि ‘यंदा पाऊस लवकर’ हा निरोप गावोगाव पोहोचला होता. पण मोसमी पावसाची उत्तर सीमा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद या रेषेवर येऊन थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत हललीच नाही. आदिलाबाद म्हणजे वर्धा शहरापासून जवळपास सरळ दक्षिणेला, सव्वाशे किलोमीटरवर. पेरणीची घाई करू नका, असे हवामान खाते आणि कृषी विभाग त्या काळात सांगत होते. पाऊस दारात येऊन थांबला आहे, पुढे सरकलेला नाही, हे ठरवण्यासाठी लागणाऱ्या नोंदींपैकी मोठा वाटा समुद्रावरच्या वाऱ्यांचा असतो. आणि समुद्रावर वारा मोजायला माणूस नसतो. ते काम उपग्रह करतात. कसे, आणि त्यावर कितपत विसंबता येते?

वर्ध्याचा समुद्राशी संबंध काय?

नकाशावर वर्धा जवळपास मधोमध आहे. सरळ रेषेत मोजले तर पश्चिमेला अरबी समुद्र आणि आग्नेयेला बंगालचा उपसागर, दोन्हींचे किनारे सहाशे किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्यातील कपाशी, सोयाबीन आणि तुरीचे बहुतांश क्षेत्र पावसावर अवलंबून आहे. या पावसाचे पाणी दोन्ही समुद्रांवरून येते.

मोसमी वारे दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेकडील उच्च दाबाच्या क्षेत्रातून निघतात, विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेतात आणि अरबी समुद्रावरून भारताकडे वळतात. सोमालियाजवळचा हा जोरदार प्रवाह भक्कम झाला की केरळ आणि कोकणात पाऊस सुरू होतो. विदर्भाचे गणित थोडे निराळे. येथे भर हंगामातला मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. ही क्षेत्रे ओडिशा किंवा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरतात आणि छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश असा प्रवास करतात. ती वाटेत कुठे वळतील, यावर वर्ध्यात रिमझिम की वणा, यशोदा आणि वर्धा नद्यांना पूर, हे ठरते. म्हणजे हिंगणघाटच्या शेतकऱ्याला पाच दिवसांनी काय होईल हे सांगायचे, तर आज विशाखापट्टणमच्या पुढे समुद्रावर वारा कसा फिरतो आहे, हे माहीत असावे लागते.

पूर्वी ही माहिती जहाजांकडून मिळे. पण जहाजे ठरलेल्या मार्गानेच जातात आणि वादळ दिसले की शहाणा कप्तान त्यापासून दूर पळतो. परिणामी जिथे नोंद सर्वांत जास्त हवी, तिथेच ती नसे. आता चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने दोन्ही समुद्रांत नांगरून ठेवलेले तरंगते बोये वारा, लाटा आणि पाण्याचे तापमान कळवतात. त्यांचे मोल मोठे आहे, पण एवढ्या पसरलेल्या पाण्यात ते मोजकेच आहेत.

उपग्रह नेमके काय मोजतो?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उपग्रह वारा मोजत नाही. सातशे किलोमीटर उंचीवरून त्याला वारा दिसतही नाही. तो मोजतो पाण्याचा खरखरीतपणा.

शेततळ्याच्या काठावर उभे राहिले की हे समजते. हवा पडलेली असेल तर पाणी आरशासारखे असते. झुळूक आली की जिथे ती टेकते, तिथले पाणी अचानक काळपट आणि सुरकुतल्यासारखे दिसते. ही झुळूक तळ्यावरून कशी सरकत गेली, हे लांबूनही कळते. समुद्रावरही तेच होते. मोठ्या लाटा दूरवरच्या जुन्या वादळाच्या असू शकतात, पण पाण्याच्या अंगावरचे बारीक तरंग त्या क्षणी वाहणाऱ्या वाऱ्याचेच असतात. वारा थांबला की तेही विरतात.

स्कॅटरोमीटर नावाचे रडार हे तरंग ओळखते. ते रेडिओलहरी तिरक्या कोनात पाण्यावर सोडते. पाणी गुळगुळीत असेल तर लहर आरशावरून उडावी तशी पुढे निघून जाते, उपग्रहाकडे काहीच परतत नाही. पाणी सुरकुतलेले असेल तर थोडी ऊर्जा मागे फिरते. त्यातही तरंगांमधले अंतर आणि रडार लहरीची लांबी यांचा मेळ बसला तर एकेका तरंगावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत भर घालतात आणि सिग्नल ठळक होतो. भारताच्या स्कॅटरोमीटरची वारंवारता साधारण साडेतेरा गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सव्वादोन सेंटीमीटरच्या जवळपास. ज्या तिरक्या कोनातून ती पाण्यावर पडते, त्या कोनात तिचा मेळ सुमारे दीड सेंटीमीटर अंतरावरच्या तरंगांशी बसतो. बोटाच्या रुंदीएवढे तरंग, आणि ते सातशे किलोमीटरवरून ओळखायचे!

या विद्येची सुरुवात एका कटकटीतून झाली. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरील रडारच्या पडद्यावर शत्रूच्या नौकांऐवजी समुद्राच्याच प्रतिध्वनींचा गोंधळ दिसे. वारा वाढला की गोंधळ वाढे. त्याचा वाऱ्याशी संबंध आहे, म्हणजे उलट बाजूने वाराही काढता येईल, हे पुढे लक्षात आले. जून १९७८ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या ‘सीसॅट’ उपग्रहाने हे अवकाशातून करून दाखवले. विजेच्या बिघाडामुळे तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला, पण तेवढ्या नोंदींनी पुढच्या सगळ्या उपग्रहांचा पाया घातला.

वाऱ्याची दिशा कशी कळते?

वेगापेक्षा दिशा अवघड. वाऱ्याच्या रेषेत पाहिले तर सिग्नल जोरदार परततो, वाऱ्याला आडवे पाहिले तर कमजोर. गव्हाच्या उभ्या पिकावर वारा फिरतो तेव्हा एका बांधावरून पीक चकाकते आणि दुसऱ्या बांधावरून काळसर दिसते, तसेच काहीसे. एकाच बाजूने पाहून दिशा सांगता येत नाही, म्हणून समुद्राचा एकच तुकडा वेगवेगळ्या कोनांतून पाहावा लागतो.

त्यासाठी इस्रोच्या ‘ओशनसॅट-२’ उपग्रहावर एक मीटर व्यासाची थाळी मिनिटाला सुमारे वीस वेळा गोल फिरत असे. तिच्यातून दोन किरण दोन कोनांत खाली जात. उपग्रह पुढे सरकताना तोच तुकडा आधी पुढून आणि थोड्या वेळाने मागून दिसे. अशा चार नजरा जुळवून वारा काढला जाई. एका फेरीत १४०० किमी रुंदीच्या पट्ट्यावर चारही नजरा मिळत, कडेच्या भागासह पट्टा १८०० किमीच्या पुढे जाई. दोन दिवसांत जगातला बहुतेक समुद्र पाहून होई.

तरीही गणिताला अनेकदा एकाहून जास्त उत्तरे येतात. वारा नैऋत्येकडून आहे की बरोबर उलट ईशान्येकडून, असा पेच उरतो. मग शेजारच्या तुकड्यांतील वारा आणि हवामान प्रारूपाचा अंदाज पाहून त्यातले पटणारे उत्तर निवडले जाते. म्हणजे नकाशावर नीटस दिसणाऱ्या बाणांमागे थोडी निवड, थोडा तर्क असतो. ओशनसॅट-२ साठी ठरवलेले लक्ष्य होते सेकंदाला ४ ते २४ मीटर वेगाचा वारा, वेगात २ मीटरपर्यंत आणि दिशेत २० अंशांपर्यंत चूक धरून. हा वारा समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंचीवरचा मानला जातो.

भारताचे उपग्रह कोणते, आणि खंड कुठे पडला?

ओशनसॅट-२ चे प्रक्षेपण २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोटाहून झाले. योगायोग असा, की त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, दहा वर्षे वारे मोजणाऱ्या अमेरिकेच्या ‘क्विकस्कॅट’ची फिरती थाळी अडकली. जगभरच्या हवामान केंद्रांनी भारतीय उपग्रहाच्या नोंदी वापरायला सुरुवात केली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क परिसराला झोडपणाऱ्या सँडी चक्रीवादळाच्या वाऱ्यांचा जो नकाशा ‘नासा’ने प्रसिद्ध केला, तो याच भारतीय रडारच्या नोंदींवरून बनवलेला होता.

हे रडार फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले. बदली उपग्रह लगेच तयार नव्हता. अखेर इतर मोहिमांतून उरलेले सुटे भागही कामी आणून ‘स्कॅटसॅट-१’ बांधला गेला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी सोडला गेला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला चेन्नईजवळ ‘वरदा’ चक्रीवादळ धडकले, तेव्हा हा उपग्रह कक्षेत जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. (या नावाचा वर्ध्याशी काही संबंध नाही. पाकिस्तानने सुचवलेल्या या शब्दाचा अर्थ गुलाब.) स्कॅटसॅट-१ चे काम २०२१ च्या सुरुवातीला थांबले. पुढचा ‘ओशनसॅट-३’, म्हणजेच ईओएस-०६, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेला.

तारखा नीट पाहिल्या तर दोन भगदाडे दिसतात. फेब्रुवारी २०१४ ते सप्टेंबर २०१६, आणि २०२१ च्या सुरुवातीपासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत भारताकडे स्वतःचा चालू स्कॅटरोमीटर नव्हता.

दुसऱ्या खंडातच विदर्भाला ‘गुलाब’ने गाठले. हे नावही पाकिस्तानचेच, अर्थ पुन्हा तोच. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी हे चक्रीवादळ उत्तर आंध्रातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. वारा ओसरला, पण पाण्याने भरलेला त्याचा अवशेष तेलंगणामार्गे मराठवाडा आणि लगतच्या विदर्भावरून पुढे सरकला. वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ २८ सप्टेंबरला एसटीची बस नाल्याच्या पुरात वाहून गेली. सोयाबीन कापणीला आलेले आणि कपाशीची बोंडे फुटू लागलेली, नेमका तो आठवडा. पुढे हाच अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, पुन्हा चक्रीवादळ बनला, ‘शाहीन’ असे दुसरे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानवर गेला.

त्या दिवसांत समुद्रावरच्या वाऱ्यांसाठी भारताला मुख्यतः युरोपच्या ‘मेटॉप’ उपग्रहांवरील रडारच्या नोंदींवर विसंबावे लागले. हवामानाच्या नोंदी देश एकमेकांना देतात, म्हणून अंदाज थांबले नाहीत. पण दोन समुद्रांच्या मधोमध वसलेल्या आणि निम्म्याहून अधिक शेती पावसावर सोडलेल्या देशाला हे उपकरण दोनदा बदलीशिवाय राहावे, हे नियोजनाचे अपयशच म्हणावे लागेल. हवामान उपग्रहाची बदली पहिला बंद पडण्याआधी कक्षेत असायला हवी.

आणि लाटा?

लाटांचे मोजमाप दुसऱ्या उपकरणाचे काम. अल्टिमीटर सरळ खाली सिग्नल सोडतो आणि तो परतायला लागलेल्या वेळेवरून समुद्राच्या पातळीची उंची काढतो. पाणी सपाट असेल तर प्रतिध्वनी एकदम उसळतो. लाटा उंच असतील तर आधी माथ्यावरून, मग खळग्यातून परतणारे सिग्नल मागेपुढे होतात आणि प्रतिध्वनी हळूहळू चढतो. त्या चढावरून लाटांची उंची कळते. सांगितली जाणारी उंची म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. भारत आणि फ्रान्सचा संयुक्त ‘सरल’ उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ पासून या कामासाठी गेला. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ केंद्र अशा नोंदींचा उपयोग करून कोकणापासून केरळपर्यंतच्या मच्छीमारांना उंच लाटांचे इशारे देते.

वर्ध्याला लाटांशी थेट देणेघेणे नाही. पण पातळीच्या उंचीशी आहे. समुद्राचे पाणी खोलवर तापले की ते फुगते आणि पातळी काही सेंटीमीटर वर येते. असे खोलवर तापलेले पाणी वाटेत मिळाले तर चक्रीवादळ जोर धरते. प्रशांत महासागरात पूर्व-पश्चिम वारे मंदावून गरम पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकते, तेव्हा तोही बदल हीच दोन उपकरणे टिपतात. त्यालाच एल निनो म्हणतात. २०२३ मध्ये एल निनो आला आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पडला. सोयाबीनच्या शेंगा भरण्याचा काळही तोच.

या नोंदी वर्ध्याच्या अंदाजापर्यंत कशा येतात?

उपग्रहाचा सिग्नल हैदराबादजवळच्या शादनगरसारख्या केंद्रांवर उतरतो. त्यातून वारा काढण्याची पद्धत अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरची. तयार नोंदी हवामान खाते आणि नोएडातील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राकडे जातात. तिथे संगणकावरील प्रारूपात त्या मिसळल्या जातात. प्रारूप उद्याचे हवामान काढते ते आजच्या स्थितीवरून. आजचीच स्थिती चुकली तर पाचव्या दिवसाचा अंदाज फारच भरकटतो.

मोसमी पावसाचे आगमन जाहीर करण्याचे निकषही वाऱ्याशी बांधलेले आहेत. १० मेनंतर केरळ आणि परिसरातील ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिमी पाऊस, ही एक अट. दुसरी अशी, की पश्चिमेकडील वारे पुरेशा उंचीपर्यंत असावेत आणि केरळलगतच्या समुद्रावर साधारण पाऊण किलोमीटर उंचीवर त्यांचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ ते ३७ किमी असावा. तिसरी अट ढगांच्या दाटीची. स्कॅटरोमीटर मोजतो तो पाण्यालगतचा वारा, पाऊण किलोमीटरवरचा नव्हे. पण वरच्या वाऱ्याचे विश्लेषण करताना खालचा वारा हा त्याला धरून ठेवणारा खुंटा असतो. या वाऱ्यांची अट नसती तर एखाद्या वळिवाच्या पावसालाच मोसमी पाऊस समजण्याची चूक होऊ शकली असती. शिवारात होते ती चूकही हीच. दोन जोरदार सरी आल्या, जमीन भिजली, सरकी टोबली, आणि मग पंधरा दिवस आकाश कोरडे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला त्यासाठीच आहे. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च दुप्पट होतो, शिवाय हंगामाचे गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

कुठे विसंबू नये?

पहिली अडचण पावसाचीच. सव्वादोन सेंटीमीटरची लहर जोरदार पावसात अडते, विखुरते, शिवाय थेंब पडून पाणी वेगळ्याच प्रकारे खरखरीत होते. परिणामी चक्रीवादळाच्या ऐन मध्यभागी, जिथे वारा सर्वांत महत्त्वाचा, तिथल्याच नोंदी संशयास्पद ठरतात. युरोपचे रडार पाच-सहा सेंटीमीटरची लांब लहर वापरते, तिला पाऊस कमी छळतो. मात्र तिचे पट्टे अरुंद. म्हणून दोन्ही प्रकार हवेत, एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

दुसरे, उपग्रह एका जागी थांबत नाही. तो सकाळी बंगालच्या उपसागरावरून गेला, तर पुढची फेरी येईपर्यंत मधल्या तासांत कमी दाबाचे क्षेत्र बरेच सरकलेले असू शकते.

तिसरे, किनारा ओलांडला की हे तंत्र संपते. जमिनीवर तरंग नाहीत. विदर्भात शिरलेली प्रणाली पाहायची तर नागपूरचे डॉप्लर रडार, जमिनीवरची केंद्रे आणि ढगांची उपग्रह छायाचित्रे लागतात. एप्रिल-मेमधली वादळी गारपीट किंवा एखाद्याच गावावर तासाभरात कोसळणारा पाऊस तर इथल्याच तापलेल्या जमिनीवर तयार होतो. समुद्रावरचा वारा कितीही अचूक मोजला तरी सेलू तालुक्यात पाऊस आणि देवळीत ऊन, हे तो सांगणार नाही. गावाच्या नावानिशी ‘आज इतक्या वाजता पाऊस’ असे सांगणारे व्हॉट्सॲप संदेश त्यामुळेच गंभीरपणे घेऊ नयेत.

शेतकऱ्यापर्यंत काय पोहोचते?

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि पीकनिहाय सूचना असतात. ‘मेघदूत’ ॲपवर वर्धा जिल्हा निवडला की तो मराठीत वाचता येतो. कोरा आकडा आणि उपयोगी सल्ला यांत फरक असतो. ‘४८ तासांत मध्यम पाऊस’ याचा अर्थ फवारणी थांबवा की आंतरमशागत उरका, हे पिकाची अवस्था माहीत असलेल्याने सांगावे लागते. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये देशभरात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी करण्यात आली होती. २०२४ च्या सुरुवातीला, ओशनसॅट-३ कक्षेत जाऊन सव्वा वर्ष होत असताना, ती बंद करण्याचा निर्णय झाला.